बनुबाईचं तोंड

बनुबाईच्या तोंडाला सगळी वस्ती टरकून असायची. सोनईच्या पुढं ओढ्याच्या काठानं गेलं की ती पाच-सात घरांची वस्ती लागायची, आणि बनुबाई आज घरी आहे की नाही हे माणसाला शेतांमधल्या पांदीतच कळायचं. कुणाची शेळी पिकात शिरली, कुणी आपली पाळी नसताना पाटाचं पाणी फोडलं, की बाई पदर खोचून बांधावर हजर. समोर पाटील असो नाहीतर पाटलाचा बाप. "काय वो, डोळं फुटलं का तुमचं?" अशी सुरुवात व्हायची, आणि शेवट ऐकायला समोरचा थांबत नसे.

लोक तिला भांडकुदळ म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं! ती नऊ वर्षांची असताना बेलापूरकडच्या माहेराहून तिला या घरात आणायला गाडी जुंपली, तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "मला न्हाई जायाचं." चांगलं स्पष्ट म्हणाली होती. ओसरीवर बाप होता, चुलता होता, व्याही होते, पानसुपारी चालली होती. कुणी मान वर केली नाही. तिनं परत म्हटलं. चुलता हसून म्हणाला, "पोर लाजती." लाजती! अरे, ती लाजत नव्हती, ती सांगत होती. पण ऐकायचंच नाही असं ठरवून बसलेल्या माणसांपुढं पोरीनं काय डोकं आपटावं? उचलली आणि गाडीत टाकली. त्या दिवशी बनुबाई एक गोष्ट शिकली, की हळू बोललेलं या लोकांच्या कानात शिरत नाही. ती पुन्हा कधी हळू बोलली नाही.

नवरा मच्छिंद्र तसा वाईट नव्हता. दारूला शिवत नव्हता, कामाला वाघ होता. मोट हाकावी तर मच्छिंद्रनं, असं आसपासच्या गावांत बोललं जायचं. मोटेचे बैल उतारानं खाली पळतात तेव्हा भरलेली मोट विहिरीतून वर येते, तेवढं कुणालाही जमतं. खरं काम त्याच्यापुढं असतं. पाणी ओतून झालं की त्याच बैलांना उलट्या पावलांनी तो चढ चढून परत वर यावं लागतं. मागं काय आहे ते बैलाला दिसत नाही. तिथं घाई केली की तो बिचकतो, पायात पाय घालतो, नाडा गुंततो. मच्छिंद्र तिथं कधी आसूड उगारायचा नाही. "हळू राजा, हळू," असं घशातल्या घशात म्हणत उभा राहायचा. बैल थबकला तर हाही थबकायचा. पवळ्या म्हणून त्याचा एक थोराड बैल होता, तो तर आपल्या मर्जीनंच एकेक पाय मागं टाकायचा, आणि मच्छिंद्रला त्याचं कौतुक वाटायचं.

एवढा धीर त्या माणसाच्या अंगात होता, आणि सगळाच्या सगळा बैलांसाठी ठेवलेला. घरी आला की पोटच्या पोरीसाठी त्यातला चिमूटभर उरत नसे. ह्याच गोष्टीनं बनुबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पोरीचं नाव विजयमाला. एवढं लांबलचक नाव कोण घेतो, घरात सगळे मालीच म्हणायचे. आठ वर्षांची, अंगानं किडकिडीत, डोळ्यांनी टपोरी, आणि बोलताना अडखळायची. पहिलंच अक्षर दातामागं अडून बसायचं. कुणी नाव विचारलं की "व-व-व" करत मान ताणायची, डोळे गच्च मिटायची, आणि डोळे उघडेपर्यंत विचारणारा हसून पुढं गेलेला असायचा. स्वतःचं नाव पुरतं सांगायला त्या पोरीला कुणी कधी सवड दिली नाही.

उपाय काय कमी केले? पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घातला. देवळातल्या घंटेवर पाणी ओतून ते पाजलं. वेखंड उगाळून जिभेवर असं घासलं की पोरीला दोन दिवस भाकरी गिळता येईना. आणि येता-जाता जो तो आपला, "बोल की गं! बोल की!" अरे, काय बोल की? बोलतच होती ना ती? चिखलात रुतलेली गाडी निघावी म्हणून आणखी चार जणांनी तिच्यात चढून बसावं, तसली यांची अक्कल.

त्यात आणखी एक भानगड होती. गावात मिशनची शाळा होती. शांतवन मास्तर तिथं शिकवायचे. गावातल्या ख्रिस्ती घरांची मुलं आणि वस्त्यांवरची चार-दोन मुलं एकत्र बसायची, त्यांत माली होती. सगळ्या वर्गासंगं आरोळी ठोकून पाढे म्हणताना तिची जीभ कुठं म्हणून अडायची नाही. गाणं म्हणताना तर मुळीच नाही. सूर मोकळा, शब्द सरळ. झालं, लोकांच्या हातात आयतं कोलीत मिळालं! "पाढं म्हनताना बरं येतं हिला? मंग आमच्यासंगंच काय व्हतंय? नाटकं करती." बनुबाईची थोरली जाऊ छबूबाई तर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आईनं डोक्यावर चढवून ठेवलीया. दोन रट्टे द्या, मंग बघा कशी चुरूचुरू बोलती."

मच्छिंद्रनं दिले रट्टे. पोर चुरूचुरू बोलली नाही. जागच्या जागी मुतली.

त्या दिवशी बनुबाईनं नवऱ्याला असं फैलावर घेतलं की गडी रात्रीची भाकरी विहिरीवरच मागवू लागला. "बैलाला राजा म्हनता आन् पोरीला रट्टे देता? तुमाला लाज कशी वाटत न्हाई?" वस्तीतल्या पोरांनी मालीची नक्कल केली की बनुबाई त्यांच्या आयांच्या दारात जाऊन उभी राहायची. आणि तिनं मनाशी एक गोष्ट पक्की केली. माझ्या पोरीला बोलता येत नाही ना, मग तिच्या वाटचं मी बोलेन. कोण आडवं येतं ते बघते.

आणि बोलू लागली. मालीनं तोंड उघडायचा अवकाश, बनुबाई वाक्य पुरं करून टाकायची. "आ-आ-आये, म-मला…" "भूक लागली व्हय? बस, वाढते." पोरीला भूक नसायची. ती दोन क्षण आईकडं बघायची आणि मुकाट्यानं खाली बसून भाकरी खायची. आईचा जीव सुखावायचा, की बघा, माझ्या लेकराचं मला न बोलता कळतं.

ती लढाईची सालं होती. रॉकेल मिळत नव्हतं, धडुत्याला कापड मिळत नव्हतं, दिवाळी अंधारातच आली आणि गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक दिवस माली शाळेतून धावत घरी आली. तोंड लालेलाल, छाती भात्यागत वरखाली होत असलेली, डोळ्यांत पाणी. बनुबाई दाणे पाखडत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

"आ-आ-आये! मा-मास्तरांनी… म-म-मला…"

"काय केलं मास्तरांनी? हात उचलला तुज्यावर?"

मालीनं नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. पण बनुबाई मानेकडं बघायला उरली होती कुठं? तिला डोळ्यांतलं पाणी दिसलं, लाल तोंड दिसलं, आणि मास्तरांच्या खुंटीला टांगलेली छडी तिला घरबसल्या दिसली. मास्तर बाकीच्या पोरांना त्या छडीचा प्रसाद देतात हे तिला ठाऊक होतंच. "थांब, बघतेच त्याच्याकडं," म्हणत तिनं पोरीचं मनगट धरलं आणि तशीच अनवाणी गावाची वाट धरली. माली मागं ओढत होती, काहीतरी म्हणत होती. "तू गप. मी हाय ना बोलायला," बनुबाई म्हणाली.

शाळेच्या दारात उभी राहून तिनं जी सुरुवात केली, ती गावच्या वेशीपर्यंत ऐकू गेली म्हणतात. "मास्तर, भाईर या! मुक्या जीवाला मारता? हात झडले न्हाईत तुमचं?"

शांतवन मास्तर चष्मा सावरत बाहेर आले. "बाई, अहो, ऐकून तर घ्या. मी तिला—"

"काय ऐकायचं? तिला बोलाया येत न्हाई म्हनून कुनाला कळनार न्हाई, आसं वाटलं व्हय तुमाला? तिची आई काय मेली न्हाई आजून!"

"अहो बाई, मी तिला बोटसुद्धा—"

"खोटं बोलू नगा! देवाचं नाव घेता ना रोज?"

माली आईचा पदर ओढत होती. "न-न-न… आ-आये… न-न…" बनुबाईनं तिचा हात झटकला. सगळी शाळा दारात जमली होती, पोरं तोंडावर हात धरून हसत होती. मास्तर किती झालं तरी माणूसच, आणि त्यांच्याही अंगी धीर बेताचाच होता. त्यांचा तोल गेला. "घेऊन जा तुमच्या मुलीला! उद्यापासून पाठवू नका इकडं!" "न्हाईच पाठवत! माती पडो तुमच्या शाळंवर!" असं म्हणून बनुबाई पोरीला घेऊन परत फिरली. वाटेत तिला वाटत होतं, आज लेकरासाठी आपण शर्थ केली. लेकरू मागं मागं चालत होतं आणि एक शब्द बोलत नव्हतं.

त्या दिवसापासून मालीचं बोलणं आटत गेलं. आधी निदान अडखळत का होईना काही सांगायची. मग बोटानं दाखवू लागली. मग तेही सोडलं. समोर ताट ठेवलं तर जेवायची, नाहीतर तशीच बसून राहायची. सकाळ झाली की उठून विहिरीवर जायची आणि दिवसभर बैलांच्या मागं-पुढं करायची. बनुबाई येताजाता मास्तरांच्या नावानं बोटं मोडायची. पोरीनं धसका घेतला तो त्या माणसाचा, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

आणि मग छबूबाईनं ती बातमी आणली. दुपारी ओसरीवर बसून, आवाज खाली करून, मच्छिंद्रला सांगितली. "भाऊजी, म्या माझ्या कानानं ऐकलं. तुमची माली बैलासंगं बोलती. घडाघडा. येक अक्षर अडत न्हाई. मानसाफुडं मुकी आन् जनावराफुडं बोलती, ही काय साधी गोष्ट हाय? हिरीवर काय तरी लागलंय पोरीला. डाग द्यायला पायजे."

डाग! विळा चुलीत लाल होईपर्यंत तापवायचा आणि पोरीच्या मानेवर आणि जिभेच्या शेंड्यावर टेकवायचा. म्हणजे अंगातलं पळून जातं. शेजारच्या गावात एक म्हातारा ते काम करायचा. मच्छिंद्रनं येत्या अवसेला त्याला बोलावणं धाडलं. बनुबाईनं घर डोक्यावर घेतलं, पण या वेळी मच्छिंद्र दबला नाही. "तुज्या वरडन्यानं पोर बोलती झाली का?" असं विचारून तो निघून गेला. बनुबाई आणखीच चिडली.

अवस उजाडली. अवसेला बैल जुंपत नाहीत, त्यामुळं मोट बंद होती. पवळ्या आणि त्याचा जोडीदार विहिरीपाशी बाभळीखाली बांधलेले होते. बनुबाईच्या मनात सकाळपासून एकच होतं, की ह्या छबूबाईला सगळ्यांच्या देखत खोटी पाडायची. बैलाशी म्हणे घडाघडा बोलती! कशाला बोलतीय? मुद्दाम पोरीला डाग बसावा म्हणून उठवलंय सगळं. ती विहिरीवर गेली आणि कडब्याच्या गंजीमागं दबा धरून उभी राहिली. पोर बैलाजवळ मुकी बसलेली बघायची, आणि मग घरी जाऊन जावेच्या झिंज्या धरायच्या, असा तिचा बेत होता.

माली पवळ्याच्या मानेला खाजवत होती. पवळ्या डोळे मिटून रवंथ करत होता. आणि माली बोलली.

"पवळ्या, तुला आज सुट्टी हाय. मला मातर डाग द्येनार हायेत. तुला दिला हुता न्हवं का, बानं बाजारातनं आनल्यावर? लई दुखलं का रं?"

एक अक्षर अडलं नाही. गंजीमागं बनुबाईच्या हातातून कडब्याची पेंढी सुटली. म्हणजे छबूबाई खरं बोलत होती! तिचा संताप जागच्या जागी गोंधळला. माली पवळ्याच्या तोंडाकडं बघत थांबली होती, जणू तो सांगणार होता. पवळ्यानं कान हलवला. मग ती पुढं म्हणाली,

"मास्तरांनी मला मारलं न्हाई रं. मास्तर म्हनले, नाताळाला त्यांच्या देवळात सगळी पोरं गानं म्हनत्यात, त्यातलं पयलं कडवं येकटीनं म्हनायचं आस्तं. ते माली म्हनंल. मला म्हनले! म्हनून मी पळत आले. आयेला पयलं सांगायचं हुतं." ती पुन्हा त्याची मान खाजवू लागली. "आये लई चांगली हाय. पन ती थांबतच न्हाई. तू कसा थांबतोस."

बनुबाईची कानशिलं तापली. कुणावर तरी तुटून पडावं म्हणून तिचा राग उसळून आला, आणि त्याला माणूसच सापडेना. मास्तर? त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि तेच ते सांगत होते. छबूबाई? ती खरं बोलली होती. नवरा? त्यानं पोरीला रट्टे दिले होते, पण पोरीची शाळा त्यानं तोडली नव्हती. ती कुणी तोडली? पोर मान हलवत होती, पदर ओढत होती, न-न-न म्हणत होती, आणि तिचा हात कुणी झटकला? राग फिरून फिरून बनुबाईच्याच अंगावर आला. तिला माहेरची ओसरी आठवली आणि पान चघळत हसणारा चुलता आठवला. पोर लाजती, म्हणाला होता तो. सांगणारी समोर उभी असताना तिच्या वतीनं दुसराच सांगून मोकळा झाला होता. आपण दुसरं काय केलं? त्यानं निदान लाडानं केलं नव्हतं. आपण माया म्हणून केलं. तिला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

ती गंजीमागून पुढं आली. तिला बघताच मालीचं तोंड मिटलं. बनुबाईच्या जिभेवर एकदम शंभर गोष्टी आल्या. अगं मला ठाऊक न्हवतं, अगं मी ऐकलं सगळं, अगं सोन्या, अगं माझे बाई. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मटकन खाली, बैलाच्या पुढ्यात, मातीत बसली. मग बोळा काढून तिनं एवढंच विचारलं, "माले, त्या दिशी तुला काय सांगायचं हुतं?"

मालीचा विश्वासच बसेना. मग तिनं सुरुवात केली. "आ-आ-आये… म-म-म-मास्तर…" आणि अडलं. बैलाशी धावणारी तीच जीभ माणसापुढं पुन्हा दातामागं अडून बसली. मान ताणली गेली, डोळे मिटले. आणि बनुबाईला तर सगळं ठाऊक होतं! पुढचा शब्द ठाऊक होता, सगळी हकिकत ठाऊक होती, एका दमात म्हणून टाकली असती. तिनं दोन्ही मुठींत माती धरली आणि गच्च आवळली. असला छळ तिनं बाळंतपणातसुद्धा सोसला नव्हता. पवळ्या उठून उभा राहिला, शेपटी हलवली, पुन्हा बसला. माली अजून सांगत होती. शेवटी गाणं, कडवं, एकटीनं, सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं, आणि ती दमून आईच्या मांडीवर डोकं टेकून पडली. बनुबाई रडत होती.

तेवढ्यात घराकडून छबूबाईची हाक आली. म्हातारा आला होता.

म्हातारा अंगणात चिलीम ओढत बसला होता. चुलीत विळा घातलेला होता आणि छबूबाई फुंकणीनं फुंकत होती. मच्छिंद्र खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पडलेला होता, पण कमरेला हात होते, म्हणजे ऐकणार नव्हता. बनुबाई आली तशी सगळ्यांनी कान मिटून घ्यायची तयारी केली. आता ही घर पाडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बनुबाईनं मात्र कोपऱ्यातली भरलेली घागर उचलली आणि सगळीच्या सगळी चुलीत ओतली. चर्रर्र झालं, राखेचा लोट उठला, छबूबाई फुंकणी टाकून किंचाळत मागं पडली. म्हातारा चिलीम घेऊन उभा राहिला.

"येडी झाली का काय?" मच्छिंद्र ओरडला.

"पोरीला काय तरी सांगायचं हाय," बनुबाई म्हणाली. तिच्या अंगाची आग होत होती, पण तिनं आवाज वर जाऊ दिला नाही. "तिचं व्हईस्तवर कुनी मधी बोलायचं न्हाई. मी बी न्हाई."

माली बापासमोर उभी राहिली. "ब-ब-ब…" झालं, तिथंच अडली. मान ताणली. ओली राख चुलीत फसफसत होती. छबूबाईनं म्हाताऱ्याकडं बघून डोळे मिचकावले. मच्छिंद्रच्या पायांची चुळबूळ सुरू झाली. "आगं, बोल की आता!" तो खेकसला.

बनुबाई खालच्या आवाजात, त्याच्याच घशातून निघावं तसं, म्हणाली, "हळू राजा, हळू."

मच्छिंद्रनं चमकून बायकोकडं बघितलं. हे शब्द त्याचे होते, चढावर उलटं येणाऱ्या बैलासाठीचे होते, आणि बनुबाईनं ते मालीला म्हटले होते की त्याला, हे त्याला कळलं. त्याचं तोंड लाल झालं. कमरेवरचे हात खाली आले. तो खांबापाशी उकिडवा बसला आणि पोरीच्या तोंडाकडं बघू लागला, जसा तो बैलाच्या मागच्या पायाकडं बघायचा.

"ब-बा… म-मला ड-डाग नगं. क-काय लागल्यालं न्हाई मला. मी ब-बोलते. म-मला उ-उशीर व्हतो फकस्त."

म्हातारा म्हणाला, "विळा परत तापवायचा का?" मच्छिंद्रनं मान वर न करता सांगितलं, "तुमी जावा. चहा पिऊन जावा." छबूबाई काहीतरी पुटपुटत उठली, आणि बनुबाईनं तिला एक शिवी दिली नाही. वस्तीत त्या दिवशी याचंच जास्त नवल झालं.

दुसऱ्या दिवशी बनुबाई मालीला घेऊन शाळेत गेली. नाताळ तोंडावर आला होता. पोरं रंगीत कागदाच्या पताका चिकटवत होती. बनुबाईला दारात बघून मास्तर टेबलाच्या पलीकडं जाऊन उभे राहिले, आणि त्यांचा काय दोष?

"मास्तर, मी आज बोलाया आले न्हाई," बनुबाई म्हणाली. "माझं चुकलं, तेवडं सांगते. बाकी ती बोलंल. तुमी तेवडं थांबा." आणि ती बाहेर पायरीवर बसली.

माली आत गेली. मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. खूप वेळ गेला. पोरांच्या हातातल्या पताका थांबल्या. "मा-मा-मास्तर… त-त-ते क-कडवं… आ-आजून म-माझं हाय का?"

मास्तरांचं तोंड उतरलं. "माली, ते मी एलियाच्या मुलीला, कृपाला दिलं गं. तू येईनास. तिचं पाठ झालंय आता. तिच्याकडून कसं काढून घेऊ?"

पायरीवर बनुबाई ताडकन उठली. एका आवाजात तिनं शाळेची कौलं हलवली असती, मास्तरांच्या सात पिढ्या काढल्या असत्या, आणि कदाचित ते कडवं परतसुद्धा मिळवलं असतं. तिचं तोंड उघडलंही.

"म-मंग…" माली म्हणत होती, "म-म-मंग मी…"

"हो, हो, तू मागच्या रांगेत—" मास्तर बोलू लागले. दारातल्या बनुबाईकडं त्यांची नजर गेली. ते गप्प झाले.

"म-मंग मी… म-मागं उभी ऱ्हाते. प-पन य-येऊ का?"

मास्तरांनी मान डोलावली. मालीनं डोळे पुसले, हसली, आणि आणखी काहीतरी सांगायला मान ताणली. बनुबाईच्या तोंडाशी आलेल्या शिव्या सगळ्या तिच्या तिलाच होत्या. पोरीचं ते कडवं तिनं स्वतःच्या हातानं घालवलं होतं, आणि आता कितीही ओरडलं तरी ते परत येणार नव्हतं. ती खाली बसली. आत माली अजून बोलत होती.